होळीनंतर खोली वाढवताय? सळई आणण्याआधी छपराचा हिशेब करा

जव्हार/मोखाडा : होळी झाली की आपल्या पाड्यांवर बांधकामाचा हंगाम सुरू होतो. वीटभट्टीवर, रेती-खडीच्या कामावर गेलेली माणसं गाठीला चार पैसे घेऊन परततात. पाऊस यायला अजून तीन महिने असतात. मग जुन्या घराला एक खोली काढायची, घरकुलापुढे पडवी घ्यायची, नाहीतर कौलं उतरवून पत्रा टाकायचा, असं ठरतं. ज्याची ऐपत असेल तो थेट स्लॅब टाकतो.

आणि पुढच्या एप्रिल-मे महिन्यात नव्या खोलीत दुपारी कोणी बसत नाही. म्हातारी माणसं ओट्यावर, लेकरं झाडाखाली, आणि एवढा खर्च करून बांधलेल्या खोलीत फक्त भाताच्या गोण्या.

इमारतीत ऊन किती शिरावं, वीज किती लागावी, यासाठी सरकारने नियम केलेले आहेत. त्यात जुन्या इमारतीला वाढीव भाग जोडताना काय करायचं, हेही सांगितलंय. हे नियम आपल्यावर लागू होतात का? सरळ उत्तर द्यायचं तर बहुतेकांवर नाही. तरी त्यातले दोन-तीन आकडे आपल्या फार कामाचे आहेत. ते कोणी आपल्याला सांगत नाही, म्हणून हा लेख.

नियम कोणते, आणि कोणाला?

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली दिल्लीत ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे बीईई, सुरू झालं. पंख्यावर, फ्रिजवर तारे छापलेलं लेबल असतं ना, ते याच ब्युरोचं. याच ब्युरोने २००७ मध्ये मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संहिता आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. राहत्या घरांसाठी वेगळी संहिता डिसेंबर २०१८ मध्ये आली, तिचं नाव ‘इको निवास संहिता’. पुढे २०२२ मध्ये मूळ कायद्यातच दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २०२३ पासून ती अमलात आली. त्यामुळे मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या. नुसती वीज वाचवणं एवढंच न बघता इमारतीमुळे पर्यावरणावर पडणारा भारही संहितेत धरायचा, असं ठरलं.

आता मोठी इमारत म्हणजे केवढी? जिचा वीजभार १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त आहे ती. राज्य सरकारला ही मर्यादा खाली आणता येते. १०० किलोवॅट म्हणजे किती, याचा अंदाज हवा असेल तर साधे, जुन्या पद्धतीचे तेराशे पंखे एकदम लावल्याची कल्पना करा. एवढा भार आपल्या पाड्याचाच काय, आजूबाजूच्या चार पाड्यांचा मिळूनही सहज होत नाही. इको निवास संहिता तर ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडांवरच्या निवासी प्रकल्पांसाठी आहे. म्हणजे जवळपास पाच गुंठे. राज्याने आणि नगर परिषदेसारख्या संस्थांनी ती आपल्या बांधकाम नियमांत घेतल्याशिवाय ती बंधनकारकही होत नाही.

वाढीव बांधकामाचा नियम असा : जुनी इमारत आणि नवा भाग मिळून १०० किलोवॅटच्या वर जात असेल, तर नव्या भागाने संहिता पाळायची. समजा तालुक्याच्या मोठ्या रुग्णालयाला नवी विंग जोडली, एसी आणि मशीन आली, भार वाढला, तर तिथे हा प्रश्न येतो. मोठ्या आश्रमशाळेचं नवं संकुल, एखादं मोठं रिसॉर्ट, यांनीही हे तपासून घ्यावं. तुमच्या दहा बाय बाराच्या खोलीला हे लागू नाही. उद्या कोणी ‘ऊर्जेचा दाखला लागतो, पैसे द्या’ म्हणत दारात आलं, तर कुठल्या नियमाखाली, हे लिहून मागा. ग्रामपंचायतीत बांधकामाची जी नोंद आणि परवानगी असते ती मात्र घ्यायचीच. जव्हार शहरात नगर परिषद आणि मोखाडा शहरात नगरपंचायत, तिथली प्रक्रिया वेगळी.

विलायतेत याच्या उलट आहे. इंग्लंडमध्ये १५ जून २०२२ पासूनच्या नियमांनुसार घराला एक खोली जोडायची तरी भिंत, छप्पर, खिडकी यांचे ठरलेले आकडे पाळावे लागतात. तिथला प्रश्न थंडीचा. आत पेटवलेली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून ते घर गोधडीत गुंडाळतात. आपल्याकडे बाहेरचं ऊन आत येऊ नये, हा प्रश्न. मोजायची रीत दोघांची एकच.

१.२ हा आकडा लक्षात ठेवा

इको निवास संहितेत छपरासाठी एकच आकडा दिलाय : १.२. याला इंजिनिअर लोक यू-व्हॅल्यू म्हणतात. अर्थ सोपा आहे. छपराचा एक चौरस मीटर तुकडा घ्या. बाहेर आतल्यापेक्षा एक अंश जास्त तापलंय असं धरा. तर त्या तुकड्यातून किती वॉट उष्णता आत शिरते, तो हा आकडा. जितका लहान, तितकं छप्पर चांगलं. १.२ च्या वर जाऊ नये, असं संहिता म्हणते.

आता आपली छपरं या मापात मोजू. नुसता पत्रा : पाचच्या आसपास. नुसता चार ते सहा इंची स्लॅब : तीन ते साडेतीन. म्हणजे स्लॅब मर्यादेच्या अडीच-तीन पट आणि पत्रा चार पट.

वॉटमध्ये बघितलं तर डोक्यात जास्त शिरतं. दहा बाय बाराची खोली म्हणजे ११ चौरस मीटर छप्पर. भर दुपारी छपराचा वरचा भाग आतल्या हवेपेक्षा वीस अंशांनी जास्त तापलाय असं धरलं (पत्रा तर त्याहून जास्तच तापतो), तर पत्र्यातून हजार वॉटच्या पुढे उष्णता आत येते. दुपारभर खोलीत एक इस्त्री तापवत ठेवल्यासारखं हे झालं. स्लॅबमधून सातशेच्या वर. तेच छप्पर १.२ चं असतं तर अडीचशेच्या आसपास. स्लॅबची आणखी एक खोड आहे. तो दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सहानंतर खाली सोडतो. जव्हारची रात्र बाहेर गार असते, घरात मात्र दहापर्यंत अंग भाजतं, त्याचं कारण हे.

आणि आजोबांचं गवताचं छप्पर? आठ इंच जाडीचं, नीट शाकारलेलं पेंढ्याचं छप्पर या मापात ०.३ च्या आसपास येतं. संहिता मागते त्याच्या चारपट चांगलं. दिल्लीत कागद तयार होण्याच्या कितीतरी आधी आपल्या डोंगरात तो नियम पाळला जात होता म्हणायचा.

म्हणून परत गवत शाकारा, असं मी सांगत नाही. दरवर्षीची मेहनत, आगीची भीती, उंदीर, विंचू, गळती, हे ज्याने भोगलंय त्याला पक्कं घर हवंच असतं आणि ते मिळायलाच हवं. कुडाची भिंतही या मापात काही फार भारी उतरत नाही. कारवी आणि वर मातीचं सारवण, जाडी तीन-चार इंच. ती उष्णता फारशी अडवत नाही, पण त्या घरात भिंतीचा माथा आणि छप्पर यांच्यामध्ये जागा मोकळी असायची. गरम हवा आणि चुलीचा धूर तिथून निघून जायचा. वर माळा असायचा, त्यावर धान्य, शेणी, पेंढा. तो माळा ऊन अडवायचा. कौलारू घराचंही तसंच. कौलाचा आकडा पत्र्यापेक्षा फार वेगळा येत नाही, पण कौलांच्या फटी श्वास घेतात.

आपण पक्कं घर घेतलं तेव्हा माळा गेला, फट गेली. त्यांच्या जागी दुसरं काही आलं नाही, इथेच गडबड झाली.

मग करायचं काय?

पत्रा टाकणार असाल तर पत्र्याखाली चार इंच जागा सोडून बांबूच्या तट्टीचं छत करा. एवढ्यानेच पाचचा आकडा दोनच्या आसपास येतो. त्या तट्टीवर दोन सेंटीमीटर जाडीचा उष्णतारोधक थर पसरला तर एकच्या जवळ, म्हणजे संहितेत पास. दुकानात यासाठी थर्माकोलच्या घट्ट शीट किंवा फोमच्या शीट मिळतात. एक गोष्ट मात्र पक्की धरा : थर्माकोल पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. ज्या खोलीत चूल आहे तिथे तो उघडा लावायचा नाही. पत्रा आणि तट्टी यांच्यामधली हवा कोंडून ठेवू नका, आढ्याजवळ दोन्ही टोकांना जाळी लावून वाट ठेवा. जाळी नसेल तर पाकोळ्या आणि उंदीर संसार मांडतील.

तट्टी विणणारे हात आपल्याच तालुक्यात आहेत. फॉल्स सीलिंगचे पैसे नाशिकला किंवा ठाण्याला पाठवण्यापेक्षा शेजारच्या पाड्यात गेलेले बरे.

स्लॅब टाकणार असाल तर गवंडी म्हणेल, ‘वर ब्रिकबॅट कोबा करू, गारवा राहतो.’ कोबा गळतीसाठी चांगला, त्यात वाद नाही. पण चार इंच कोब्याने आकडा तीन-साडेतीनवरून दोन-अडीचपर्यंतच येतो. १.२ गाठायचं असेल तर स्लॅबच्या वर, कोब्याखाली पाऊण-एक इंचाची उष्णतारोधक शीट बसवावी लागते. ती नंतर बसवायची तर कोबा फोडावा लागतो. म्हणून हा निर्णय आधी घ्यायचा, सेंटिंग लागलं की उशीर झालेला असतो. शीट कशी बसवायची, वर वजन किती चालेल, हे अनुभवी माणसाला किंवा पंचायत समितीच्या अभियंत्याला विचारूनच करा.

एवढा खर्च झेपत नसेल तर चुना. पांढरं छप्पर ऊन परत आकाशात फेकतं. व्यापारी इमारतींच्या संहितेत सपाट छपराने किमान साठ टक्के ऊन परतवावं, असं लिहिलंय. नवा राखाडी स्लॅब त्याच्या निम्म्याच्या आसपासच परतवतो. तेलंगणा सरकारने २०२३ मध्ये यासाठी ‘कूल रूफ’ धोरण आणलं. तिथे सरकारी आणि व्यापारी इमारतींना ते बंधनकारक आहे, लहान घरांना ऐच्छिक. आपल्याकडे एक अडचण जास्तीची : पाऊस. चार महिन्यांत स्लॅब शेवाळाने काळा होतो आणि काळं छप्पर आणखी तापतं. म्हणून एकदा चुना मारून मोकळं होता येत नाही. संक्रांतीनंतर स्लॅब घासून चुन्याचे दोन हात, दरवर्षी. चुन्यात थोडा फेव्हिकॉल घातला तर जास्त टिकतो. पत्र्यालाही पांढरा रंग चालतो.

पत्र्यावर पेंढा टाकायची सवय बऱ्याच पाड्यांवर आहे. गारवा मिळतो, पण खाली चूल आणि वर सुकलेला पेंढा म्हणजे आगीला आमंत्रण. त्यापेक्षा पश्चिमेच्या भिंतीपुढे मांडव घालून दुधी, घेवडा चढवा. दुपारनंतरचं आडवं ऊन भिंतीवर येत नाही आणि भाजीही होते. उन्हाळ्यात वेलाला पाणी कुठून आणायचं, असं मोखाड्यातल्या बाया विचारतील, आणि त्यांचं बरोबर आहे. जिथे मार्चपासून हंडे घेऊन चालावं लागतं तिथे वेल विसरा. पडवी काढा. पश्चिमेला पाच फुटांची पडवी असेल तर भिंतीचं निम्मं काम होतं.

खिडकी किती मोठी?

आपलं हवामान संहितेच्या भाषेत ‘उष्ण-दमट’. त्यासाठी उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ खोलीच्या जमिनीच्या निदान सहावा हिस्सा हवं. दहा बाय बारा म्हणजे १२० चौरस फूट, त्याचा सहावा हिस्सा २० चौरस फूट. तीन बाय साडेतीन फुटांच्या दोन खिडक्या केल्या की झालं. यात तळमजल्याचा बाहेरचा दरवाजा धरायचा नसतो, कारण रात्री तो बंद असतो. स्लायडिंग खिडकीही पूर्ण धरायची नाही. दोन पाटांची स्लायडिंग अर्धीच उघडते. त्यामुळे तेवढ्याच पैशात पल्ल्याची खिडकी दुप्पट हवा देते. दोन्ही खिडक्या एकाच भिंतीत घेऊ नका. समोरासमोर घेतल्या तर वारा आरपार जातो, आणि जव्हारला वारा फुकट आहे.

स्वयंपाकाची खोली वाढवत असाल तर हा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा. कुडाच्या घरातून धूर वाट काढायचा, स्लॅबखाली तो कोंडतो. चूल ठेवायचीच असेल तर चुलीच्या वर धुराडं आणि भिंतीच्या अगदी माथ्याला जाळीचा झरोका, हे नकाशातच घ्या. नंतर भिंत फोडायला कोणी येत नाही. धूर पिणार घरातली बाई आणि तिच्या कडेवरचं मूल.

कार्बन कुठे आहे?

शहरातल्या एसीच्या इमारतीचा कार्बन मुख्यतः वीजबिलात असतो. आपल्या घरांचं तसं नाही. ढोबळ हिशेब करून बघा.

एक गोणी सिमेंट बनवताना सुमारे ३० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. किलोभर सळईमागे अडीच किलोच्या आसपास. दहा बाय बाराच्या पिलर-स्लॅबच्या खोलीला पन्नासेक गोण्या आणि साडेतीनशे किलो सळई धरली, तर दीड टन आणि पाऊण टनाच्या वर, मिळून सव्वादोन-अडीच टन. विटा वेगळ्याच. आता वीज. आपल्याकडे एक युनिट विजेमागे ०.७ किलो धरतात. महिन्याला ५० युनिट जाळणाऱ्या घराचे वर्षाचे होतात ४२० किलो. म्हणजे एक खोली बांधताना जेवढा कार्बन गेला, तेवढा त्या घराच्या विजेतून जायला साडेपाच-सहा वर्षं लागतील.

माझं मत असं की गावातल्या गरीब घराने जगाच्या कार्बनची चिंता करत बसू नये, ती ज्यांच्या घरात चार-चार एसी आहेत त्यांनी करावी. पण इथे कार्बन आणि पैसा एकाच गोणीत भरलेला आहे. गोणी वाचली तर दोन्ही वाचतात. पिलर लागतच नसतील अशा एकमजली खोलीला ‘पुढे माडी चढवू’ म्हणून सहा पिलर उभे करायचे आणि पंधरा वर्षं वर नुसत्या गंजलेल्या सळया, हे दृश्य आपण रोज बघतो. माडी खरंच चढणार आहे का, हे घरात बसून आधी ठरवा. चढणार असेल तर पिलर हवेतच, तिथे काटकसर नको.

सिमेंट घेताना गोणीवर पीपीसी आहे का बघा. त्यात कोळशाच्या वीज केंद्रातली राख मिसळलेली असते, त्यामुळे कार्बन कमी, आणि घराच्या साध्या कामाला ते उत्तम चालतं. फक्त पाणी मारण्यात कंजुषी नको. आपल्याच जिल्ह्यात डहाणूला ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. अशाच राखेच्या विटाही होतात. लाल वीट भट्टीत भाजावी लागते, राखेची लागत नाही. वाहतुकीसकट दोन्हींचा भाव विचारूनच ठरवा. घाट चढून आलेली स्वस्त वीट दारात महाग पडते.

आणि जुनं घर उतरवताना निघालेले सागाचे वासे, कौलं, दारं भंगारवाल्याला देऊ नका. त्यांचा कार्बन आणि पैसा केव्हाच खर्च होऊन गेलाय. पडवीला तेच वापरा.

घरकुलवाल्यांसाठी आणि सोलरवाल्यांसाठी

प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं असतं, म्हणजे २६९ चौरस फूट. कातकरी कुटुंबांना पीएम-जनमनमधून घरासाठी दोन लाखांपर्यंत मदत आहे. एवढ्या घरात मोठं कुटुंब मावत नाही, म्हणून पडवी निघतेच. घरकुल अजून व्हायचं असेल तर खिडक्यांच्या जागा आणि पडवीची बाजू पाया खणतानाच ठरवा. जुनी भिंत आणि नवी पडवी यांच्या सांध्यातून पहिल्याच पावसात पाणी येतं. तिथे पत्र्याची पट्टी भिंतीत खाच मारून बसवायला गवंड्याला सांगा, नुसतं सिमेंट थापून ते थांबत नाही.

सोलरसाठी फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजना आहे. एक किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किंवा जास्तीला ७८ हजार अनुदान. एक किलोवॅटमधून ऊन असताना महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट निघतात, आषाढ-श्रावणात बरेच कमी. ज्याचं बिल ५० युनिटचं आहे त्याने घाई करू नये, आधी छपरावर खर्च करावा. ज्याची पिठाची गिरणी, दुकान किंवा पाहुण्यांच्या खोल्या आहेत त्याने जरूर विचार करावा. तुमचा बेत असेल तर स्लॅब ओततानाच पॅनेलच्या पायांसाठी छोटे ओटे वर काढून घ्या. नंतर ड्रिलने पाडलेली भोकं जूनमध्ये बोलायला लागतात.

पंखा नवा घेणार असाल तर जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यावर ताऱ्यांचं लेबल सक्तीचं आहे. जुना पंखा ७५ वॉट घेतो, पाच तारेवाला बीएलडीसी तीसच्या आसपास. पण तापलेल्या पत्र्याखाली कितीही तारेवाला पंखा लावा, तो गरम हवाच फिरवणार. त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवा : आधी पत्र्याखालची तट्टी, मग समोरासमोर खिडक्या, मग पंखा. गवंड्याशी बोलणी करताना या तीन गोष्टी अंदाजपत्रकात आधी लिहून घ्या. फरशी आणि रंग पुढच्या होळीला झाले तरी चालतात.